जमवलेल्या वस्तूंना कामाला लावा

खोली छान दिसावी म्हणून वस्तू मांडू नका. शोभेच्या वस्तूची डोळ्यांना सवय होते आणि ती दिसेनाशी होते. मी स्थिरचित्रं, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंची चित्रं, काढते. वस्तू हाताशी असली, उचलून फिरवता आली, तरच तिच्यातून काही सुचतं. काचेच्या कपाटात गेली की संपलं.

आधी उजेड बघा. टेबल अशा जागी ठेवा की खिडकी एका बाजूला येईल आणि सावली दुसऱ्या बाजूला स्पष्ट पडेल. थेट ऊन शक्यतो टाळा, सावल्या भराभर सरकतात. फ्रेंच चित्रकार सेझान १९०२ मध्ये फ्रान्समधल्या एक्स शहराजवळच्या नव्या स्टुडिओत काम करू लागला. तिथे त्याने उत्तरेला भलीमोठी खिडकी ठेवली होती आणि भिंती करड्या रंगाच्या. करड्या भिंतीपुढे फळाचा रंग नेमका कळतो. भिंत रंगवणं जमत नसेल तर वस्तूमागे करडा पुठ्ठा उभा करा, तेवढंही पुरतं.

वस्तू निवडताना ती सुंदर आहे का, हे विचारू नका. ती हातात घेतल्यावर खाली ठेवावीशी वाटत नाही ना, एवढं बघा. इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर हाडं, गारगोट्या, शिंपले जमवायचा आणि त्यांवरून शिल्पांचे छोटे नमुने करायचा. त्याला मिळालेल्या हत्तीच्या कवटीवरून एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांची, अख्खी मालिका झाली. एकच कवटी, पण अगदी जवळ गेल्यावर तिच्यात त्याला गुहा आणि खांब दिसू लागले.

माझ्या टेबलावर सध्या एक गंजलेली बिजागरी आहे. तिची एक पाकळी वाकलेली, स्क्रूच्या भोकांभोवती गंज जास्त गडद. आडवी ठेवली तर नुसता लोखंडाचा तुकडा. अर्धवट उघडून उभी केली की दोन पाकळ्यांच्या मध्ये सावली साचते, आणि ती सावली लोखंडापेक्षा जड दिसते. माझ्या चित्रांत रिकामे कोपरे आले ते या सावलीमुळे.

तुम्हीही असंच करून बघा. एक वस्तू घ्या आणि काही दिवस तिच्याखेरीज काही काढू नका. आधी बाह्यरेषा. मग फक्त सावली, वस्तू वगळून. मग वस्तू उलटी करून. कंटाळा येईल, येऊ द्या, नवं दिसायला लागतं ते बहुतेक त्यानंतरच. मग शेजारी दुसरी वस्तू ठेवा आणि दोघींमधली फट काढा. इटालियन चित्रकार मोरांडीने बोलोन्या शहरातल्या आपल्या छोट्याशा खोलीत त्याच त्या बाटल्या आणि डबे वर्षानुवर्षं रंगवले. बाटली बोटभर सरकली की त्याच्यासाठी चित्र नवं व्हायचं. वस्तूंच्या जागा तो खालच्या कागदावर आखून ठेवायचा. ही सवय जरूर उचला: पेन्सिलीने कडा आखल्या की मांडणी मोडली तरी परत जमवता येते.

बाकीच्या वस्तू खोक्यांत ठेवा, वर नाव लिहा. जमवलेल्या वस्तूंपासून कलाकृती करणारा अमेरिकन कलाकार जोसेफ कॉर्नेल घराच्या तळघरात असंच करायचा, म्हणून त्याला हवा तो तुकडा हवा तेव्हा सापडायचा. चित्रकार फ्रान्सिस बेकनचं अगदी उलटं. त्याच्या लंडनच्या स्टुडिओत फाटके, रंग सांडलेले फोटो पायाखाली असत. तो स्टुडिओ पुढे डब्लिनला हलवला, तेव्हा तिथल्या सात हजारांहून जास्त वस्तूंची नोंद झाली. पसारा असावा की नसावा, यावर मी वाद घालणार नाही. बेकन त्या पसाऱ्यातले फोटो उचलून कामाला घ्यायचा, मला महत्त्वाचं वाटतं ते हे.

एखादी वस्तू समोर असूनही बरेच दिवस तुम्ही तिला हात लावला नसेल, तर ती खोक्यात घाला आणि खोक्यातली दुसरी बाहेर काढा. टाकून मात्र देऊ नका. तिची रेखाटनं तिच्याच खोक्यात ठेवा, म्हणजे पुन्हा बाहेर काढाल तेव्हा काय काय बघून झालंय ते कळेल.