उपनगरी रेल्वेची कंपनी बदलताना मोटरमन, गार्ड आणि तंत्रज्ञ कसे टिकवावेत

उपनगरी रेल्वे चालवण्याचे कंत्राट एका कंपनीकडून दुसरीकडे जाते, तेव्हा रूळ, सिग्नल आणि स्थानके जागच्या जागी राहतात, अनेकदा डबेही तेच असतात. बदलते ती फक्त कर्मचाऱ्यांना पगार देणारी कंपनी. त्यामुळे हे हस्तांतर कागदावर सोपे दिसते. परंतु गाडी हाकण्याचे कौशल्य आणि मार्गाची जाण ही माणसांजवळ असते, आणि माणसे कंत्राटासोबत आपोआप येत नाहीत. हस्तांतराची जबाबदारी असलेल्या प्राधिकरणाने आणि नव्या कंपनीने काय करावे, हे पुढे मांडले आहे.

सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: आजच्या कर्मचाऱ्यांना जुन्या कंपनीतच दुसरीकडे काम मिळू शकते का? अमेरिकेत व्हर्जिनिया रेल्वे एक्स्प्रेस ही वॉशिंग्टनला जोडणारी उपनगरी सेवा 1992 मध्ये सुरू झाल्यापासून अॅमट्रॅक ही राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनी चालवत होती. 2010 मध्ये ते काम केओलिस या दुसऱ्या कंपनीकडे गेले, तेव्हा अॅमट्रॅकच्या बहुतेक कर्मचाऱ्यांनी जुन्याच कंपनीत राहणे पसंत केले, कारण देशभर गाड्या चालवणाऱ्या कंपनीत त्यांना पर्याय होता. नव्या चमूच्या तयारीला वेळ लागला आणि 28 जूनला ठरलेले हस्तांतर 12 जुलैवर गेले. उलट बोस्टनच्या उपनगरी सेवेत 1 जुलै 2014 रोजी कंपनी बदलली, तेव्हा संघटित कर्मचारी मोठ्या संख्येने नव्या कंपनीत आले. जुनी कंपनी त्याच एका कंत्राटासाठी उभी राहिलेली होती, तिच्याकडे त्यांना देण्यासारखे दुसरे काम नव्हते. ज्यांच्यासमोर परतीची वाट आहे, त्यांना अधिक चांगल्या अटी आणि अधिक लवकर उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती निविदा काढण्यापूर्वीच तपासावी. ब्रिटनमध्ये 2006 च्या टुपे नियमांमुळे (व्यवसाय दुसऱ्याकडे जाताना नोकरीला संरक्षण देणारे नियम) कर्मचाऱ्याचा करार, पगार आणि सेवेचा सलग काळ नव्या कंपनीकडे जसाच्या तसा जातो. असे संरक्षण नसेल, तर ते कंत्राटातच लिहावे लागते. मात्र संरक्षण असले तरी वेळेचा प्रश्न सुटत नाही. त्याच नियमांनुसार जुन्या कंपनीने कर्मचाऱ्यांची माहिती हस्तांतराच्या किमान 28 दिवस आधी द्यायची असते. नवा मोटरमन तयार व्हायला अनेक महिने लागतात. अशा वेळी 28 दिवस आधी कळले की वीस जागा रिकाम्या आहेत, तर त्या माहितीचा उपयोग काय? म्हणून कर्मचाऱ्यांची नोंदवही निविदेच्या टप्प्यावर नावे वगळून, आणि कंत्राट दिल्यानंतर लगेच कायद्यात बसेल तेवढ्या तपशिलासह देण्याची अट जुन्या कंपनीच्या कंत्राटात आधीपासूनच असावी.

ही नोंदवही म्हणजे नुसती डोकी मोजणे नव्हे. प्रत्येकाच्या ओळीत नोकरीला लागल्याची तारीख, कोणत्या प्रकारच्या गाड्या चालवता येतात, कोणत्या मार्गांवर पात्रता आहे, शेवटची वैद्यकीय आणि नियमांची परीक्षा कधी झाली, किती रजा शिल्लक आहे आणि निवृत्ती कधी आहे, एवढे तरी असावे. शिल्लक रजेचा रकाना हमखास दुर्लक्षिला जातो. जुनी कंपनी अखेरच्या महिन्यांत कमी माणसांत काम रेटते, रजा नाकारल्या जातात आणि साठलेल्या रजेचा बोजा नव्या कंपनीच्या पहिल्याच उन्हाळ्यात अंगावर येतो. त्या रजेची किंमत कोण चुकवणार, हे हस्तांतराच्या करारात नमूद करावे.

मग खरी गरज मोजावी. समजा, रोज 60 मोटरमनच्या पाळ्या भरायच्या आहेत आणि सेवा वर्षभर चालते. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता एक माणूस वर्षात 220 दिवस कामावर येत असेल, तर 365 भागिले 220 या हिशेबाने सुमारे 100 मोटरमन लागतात. शंभराच्या जागी नव्वद असले, तरी गाड्या काही काळ धावतात, कारण उरलेले लोक ओव्हरटाइम करतात. नोंदवहीत सेवा पूर्ण दिसते आणि प्रत्यक्षात ती लोकांच्या सुट्टीच्या दिवशी कामावर येण्यावर उभी असते. हस्तांतरानंतर नाराजी पसरली आणि त्यांनी सुट्टीच्या दिवशी येणे थांबवले, की पहिल्याच रविवारी गाड्या रद्द होतात. म्हणून मागील वर्षात किती पाळ्या ओव्हरटाइमवर भरल्या गेल्या, हा आकडा मागून घ्यावा.

रिक्त जागा बाहेरून अनुभवी माणसे आणून भरू, असे अनेकांना वाटते. इथेच घात होतो. युरोपीय संघाच्या 2007/59 क्रमांकाच्या निर्देशानुसार चालकाचा परवाना त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो आणि तो दहा वर्षे चालतो. पण कोणत्या मार्गावर कोणती गाडी चालवता येईल, हे सांगणारे पूरक प्रमाणपत्र कंपनी देते आणि ती नोकरी सुटली की ते बाद होते. अमेरिकेतही मोटरमनचे प्रमाणन प्रत्येक रेल्वे कंपनी स्वतः करते. म्हणजे वीस वर्षे गाडी चालवलेला माणूसही नव्या कंपनीत पहिल्या दिवशी एकट्याने गाडी नेऊ शकेल, असे गृहीत धरता येत नाही.

शिवाय मार्ग शिकावा लागतो. वळणाआड दडलेला सिग्नल केबिनमधून नेमका कधी दिसतो, उतारावरच्या स्थानकात ओल्या रुळांवर ब्रेक किती आधी लावायचा, कोणत्या फलाटावर शेवटचा डबा बाहेर राहतो, हे नकाशावरून कळत नाही. नवखा माणूस जाणत्याच्या शेजारी उभा राहून ते दिवसा, रात्री आणि पावसात पाहतो. या फेऱ्यांसाठी केबिन जुन्या कंपनीच्या ताब्यात असते आणि शिकवणारा मोटरमनही तिचाच असतो. म्हणून हस्तांतरापूर्वी केबिनमध्ये प्रवेश देण्याचे, शिकवणाऱ्याला भत्ता मिळण्याचे आणि त्या फेऱ्यांची लेखी नोंद ठेवण्याचे कलम आवश्यक आहे. ते नसेल, तर जुनी कंपनी सद्भावनेने मदत करील या भरवशावर राहू नये. जर्मनीत ऱ्हाइन-रूर भागातील एस-बान या उपनगरी सेवेचे दोन मार्ग डिसेंबर 2019 पासून नवी कंपनी चालवणार होती. तिच्याकडे पुरेसे चालक उभे राहत नाहीत, असे दिसल्यावर प्राधिकरणाने सेवा सुरू होण्याआधीच कंत्राट रद्द केले. वेळेत आकडा मोजून असा कठोर निर्णय घेणे, हे पहिल्या दिवशी गाड्या रद्द करण्यापेक्षा प्रवाशांच्या हिताचे आहे.

आता कर्मचाऱ्यांशी बोलण्याविषयी. कंत्राट जाहीर होताच कारशेडमध्ये आणि क्रू लॉबीत, म्हणजे मोटरमन-गार्ड हजेरी लावतात त्या जागी, चर्चा सुरू होते, आणि लेखी काही हाती नसेल तर जो सर्वांत वाईट बोलतो तोच खरा वाटू लागतो. अशा वेळी लोकांना चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: माझी सेवाज्येष्ठता राहील का, निवृत्तिवेतनाचे काय, माझा डेपो बदलेल का, आणि पहिला पगार कोणत्या तारखेला होईल. ज्येष्ठतेवर पाळ्या निवडण्याचा हक्क ठरत असतो, म्हणून तिचा प्रश्न प्रत्यक्ष घरच्या वेळापत्रकाचा असतो. या चारही प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाच्या नावाच्या पत्रात, सही-शिक्क्यासह द्यावीत. युनियनशी बोलणी आधी उरकावीत, सभा नंतर घ्यावी. आणि ती सभा रात्रपाळीच्या लोकांसाठी वेगळ्या वेळी पुन्हा घ्यावी.

मोटरमन आणि गार्डांकडे सर्वांचे लक्ष असते, पण माझ्या मते नियंत्रण कक्षातील कर्मचारी आणि कारशेडमधील जुने तंत्रज्ञ यांच्याबाबत धोका जास्त आहे. त्यांची संख्या थोडी असते. एखाद्या जुन्या गाडीचा दरवाजा वारंवार का अडतो, हे जाणणारे दोघेच असतील आणि दोघेही गेले, तर ते ज्ञान कोणत्याही फायलीत सापडणार नाही. त्यांना थांबण्यासाठी ठराविक रक्कम द्यावी, आणि ती हस्तांतराच्या दिवशी न देता सहा महिने पूर्ण झाल्यावर द्यावी.

हस्तांतराच्या पहाटे पहिली पाळी चार वाजता हजेरी लावते. त्या वेळी नवा पासवर्ड चालत नाही, ओळखपत्रावर दार उघडत नाही, अडचण सांगायची कोणाला हे ठाऊक नसते, आणि अनुभवी मोटरमन लॉबीत ताटकळतो. म्हणून छापील रोस्टर, हजेरीचे कागदी रजिस्टर आणि प्रत्येक डेपोत निर्णय घेऊ शकणारा एक अधिकारी पहिले दोन आठवडे तिथे असावा. पाळ्यांची रचना, डेपोच्या सीमा आणि गणवेशाचे नियम वेळापत्रक पहिल्यांदा बदलेपर्यंत बदलू नयेत. राखीव मोटरमनची संख्या नेहमीपेक्षा जास्त ठेवावी, आणि पहिला पगार वाटण्यापूर्वी त्याची समांतर तपासणी जुन्या पगारपत्रकाशी करून घ्यावी. त्यात चूक आढळली, तर त्याच दिवशी ती दुरुस्त करून देण्याचा अधिकार डेपोतील त्या अधिकाऱ्याकडेच असावा.