गंजलेली मोटर उघडणाऱ्या नव्या हातांसाठी

मोटर खोलता येते, पुलर कसा लावायचा हे माहीत आहे, कव्हर काढण्याआधी बॉडीवर आणि कव्हरवर खुणा करायच्या हे कळतं, इतकं गृहीत धरून लिहितो आहे. सिंगल फेज मोटर असेल तर कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून रिकामा करायचा, हेही तुम्हाला ठाऊक असणार. तरी लिहिलं, कारण ठाऊक असलेलेच लोक त्याचा झटका खातात.

गंजाचा विषय निघाला की जो तो औषध सांगू लागतो. कुणी व्हिनेगर, कुणी सायट्रिक अ‍ॅसिड, कुणी फॉस्फोरिक, कुणी सोड्याच्या पाण्यात भाग बुडवून वीज सोडायला सांगतो. औषधांकडे नंतर येऊ. कुठे बिनधास्त घासायचं आणि कुठे हात आवरायचा हे आधी ठरवायला हवं. मोटर उघडली की भागांचे दोन ढीग करा. एक बिनमापाचा: बॉडीचा बाहेरचा भाग, पाय, फॅन कव्हर, टर्मिनल बॉक्सचं झाकण. दुसरा मापाचा: शाफ्टवरची बेअरिंगची सीट, कव्हरमधलं बेअरिंगचं घर, रोटरचा (आतल्या फिरत्या भागाचा) बाहेरचा घेर, स्टेटरचा (वाइंडिंग असलेल्या स्थिर भागाचा) आतला घेर, कपलिंग किंवा पुली बसते तो टोकाचा भाग.

पहिल्या ढिगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तारेचा ब्रश, ग्राइंडरवरचा कप ब्रश, हवं ते वापरा. गॉगल मात्र लावा, कारण त्या ब्रशच्या तारा सुटून उडतात. प्रायमर मारा, रंग द्या. गंजलेले बोल्ट घासत बसू नका, नवे टाका. बेअरिंगमध्ये गंज दिसला तर तेही फेकायचंच. धुऊन, तेल घालून गुळगुळीत फिरवून दाखवणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

आता बेअरिंगच्या सीटकडे या. मी अडकलो तो सापळा इथे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. त्याचं भोक २५ मिलिमीटरचं. साध्या अचूकतेच्या बेअरिंगमध्ये ते भोक २४.९९० ते २५.००० च्या दरम्यान असतं. शाफ्टची सीट के-६ फिटची (बेअरिंग घट्ट बसावं म्हणून ठरवलेल्या मापाची) असेल तर ती २५.००२ ते २५.०१५ असायला हवी. म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा जाड, आणि हा जाडपणा किती, तर कमीत कमी २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जास्तीत जास्त २५. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंग शाफ्टला धरून राहतं ते केसाच्या जाडीच्या एका अंशावर. आता शाफ्ट लेथवर फिरवत ठेवा आणि त्यावर एमरी पेपरची पट्टी ओढून धरा. गंज जातो, शाफ्ट आरशासारखा चमकतो, बघणारे वाहवा करतात आणि वीसेक मायक्रॉन कधी गेले ते कळतसुद्धा नाही.

मग बेअरिंग बसवताना ते हाताने सरकत आत जातं. नवा माणूस इथे खूश होतो, हातोडी लागली नाही म्हणून. नेमकं इथेच थांबायला हवं. गरम न केलेलं बेअरिंग हाताच्या दाबाने सीटवर गेलं, तर ते तिथे टिकणार नाही.

ढिल्या बेअरिंगचं पुढे काय होतं? आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, पण तिचा आतला परीघ शाफ्टच्या परिघापेक्षा किंचित लांब असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत ती जराशी मागे पडते. भोक शाफ्टपेक्षा १० मायक्रॉनने मोठं असेल तर परिघात फरक पडतो सुमारे ३१ मायक्रॉनचा. ऐकायला काहीच नाही. पण मिनिटाला १४४० फेऱ्या घेणाऱ्या मोटरीत या हिशेबाने रिंग मिनिटाला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास शाफ्टवर सरकत राहते. हा झाला कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात घसरण कमीजास्त होते. तरी लोखंडावर लोखंड तासन्‌तास घासतंय, हे खरंच. त्यातून बारीक पूड निघते, हवेत तिचं ऑक्साइड होतं, आणि बेअरिंगच्या कडेला लालसर तपकिरी रंग दिसू लागतो.

तो रंग हुबेहूब गंजासारखा असतो. माणूस म्हणतो, गंज परत आला, नीट निघाला नव्हता. पुन्हा मोटर खोलतो, पुन्हा एमरी, शाफ्ट आणखी बारीक. मोटर मात्र पाण्याजवळ गेलेलीच नसते. म्हणून फक्त बेअरिंगच्या बैठकीपुरती लाल पूड दिसली आणि आजूबाजूचा शाफ्ट स्वच्छ असला, तर घासायला घेऊ नका, आधी माप घ्या. व्हर्निअर इथे कामाचा नाही. मायक्रोमीटर लागतो, शक्यतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत वाचणारा. सीटच्या दोन्ही कडांना आणि मध्ये, प्रत्येक जागी आडवं-उभं असं मोजा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांच्या हाताला दहा मायक्रॉनचा फरक कळत नाही, कुणाच्याच कळत नाही.

घाबरून जायचं कारण नाही. सीटवर गंज आहे म्हणजे शाफ्ट गेला असं मुळीच नाही. गंज लोखंडाच्या पृष्ठभागावर फुगून वर येतो, त्याला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो आहे त्याहून भयंकर दिसतो. तो निघाल्यावर खाली बारीक काळे खड्डे राहतात. ते राहू द्या! बेअरिंगला धरून ठेवतं ते खड्ड्यांच्या मधलं शाबूत लोखंड. ते मापात असेल आणि खड्डे तुरळक असतील, तर डागाळलेली सीट वर्षानुवर्षं काम देते. खड्डे घालवायच्या हट्टापायी मधलं लोखंड उतरवलं की चमक येते आणि फिट जाते. ऑइल सील घासतं त्या पट्ट्यात मात्र उलटा न्याय: तिथे खड्डे चालत नाहीत, सीलचं ओठ कापलं जातं आणि तेल-पाणी झिरपतं. एकाच शाफ्टवर चार बोटांच्या अंतरावर दोन वेगळे नियम, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. लागू द्या.

सीटवरचा गंज काढायची माझी पद्धत संथ आहे. आधी वरची पापुद्र्यासारखी खवली पितळी ब्रशने झाडून घ्यायची. मग गंज विरघळवणारं चिलेटिंग द्रावण कापडाच्या पट्टीला लावून फक्त सीटवर गुंडाळायचं, वरून प्लास्टिक, म्हणजे ते सुकत नाही. रोटरच्या बाजूला द्रावण जाणार नाही अशा बेताने शाफ्ट तिरका ठेवायचा. काही तासांनी सोडून पुसायचं, गरज वाटली तर पुन्हा. हे द्रावण गंजाला धरतं, चांगल्या लोखंडाला जवळपास हात लावत नाही. शेवटी थोडं तेल लावून नायलॉनच्या घासणीने हलका हात. एवढंच. लेथ सुरू करायचाच नाही.

आणि सीट मापातून गेलेलीच निघाली तर? पंचने ठिपके मारून ती ‘जाड’ करायचा उपाय कुणीतरी नक्की सांगेल. ठिपक्यांची टोकं काही दिवसांत चेपतात आणि बेअरिंग पुन्हा मोकळं. पत्र्याची पट्टी गुंडाळणं त्याहून वाईट, शाफ्ट मध्यातून सरकतो. फरक थोडाच असेल तर रिटेनिंग कंपाउंड (फटीत घट्ट होऊन बेअरिंग धरून ठेवणारा चिकट द्रव) वापरता येतं, त्याच्या डब्यावर किती फटीपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. फरक जास्त असेल तर मेटल स्प्रे करून (वितळलेल्या धातूचा थर चढवून) ग्राइंडिंग किंवा स्लीव्ह (वर बसवायची धातूची नळी), आणि ते जाणकाराकडूनच. जाणकार कोण, यावर माझं मत ठाम आहे: काम दाखवायला नेल्यावर जो आधी मायक्रोमीटर उचलतो तो. चकचकीत शाफ्ट बघून पाठ थोपटणारा उस्ताद कितीही प्रेमळ असला तरी नव्या माणसाला बिघडवतो.

कव्हरमधल्या घराचंही माप असतं, पण तिथे बहुधा बाहेरची रिंग जरा सरकू शकेल अशी ठेवलेली असते, निदान एका बाजूला. मोटर तापली की शाफ्ट लांबतो आणि त्या बाजूचं बेअरिंग बाहेर सरकून ती लांबी सामावून घेतं. घरात गंज साचला की ते अडकतं आणि दोन्ही बेअरिंग एकमेकांना रेटू लागतात. म्हणून गंज काढायचा, पण घर मोठं करायचं नाही. हातानेच, तेल आणि नायलॉनची घासणी.

रोटर आणि स्टेटरच्या स्टॅम्पिंगचं प्रकरण वेगळं. ती जाडसर लोखंडी लादी नाही, साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पातळ पत्रे एकमेकांपासून इन्सुलेट करून रचलेले असतात, ते मुद्दाम, लोखंडात भोवरे प्रवाह फिरू नयेत म्हणून. घेरावर ग्राइंडर किंवा खरखरीत पेपर चालवला की एका पत्र्याची कड ओढली जाऊन शेजारच्या पत्र्यावर लिंपली जाते. पत्रे जोडले गेले की तिथे उष्णता. शिवाय लहान मोटरीत रोटर-स्टेटरमधली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. रोटर खरवडून ती वाढवली की मोटर विनालोडसुद्धा जास्त करंट ओढते. तेव्हा रोटरवरचा पातळ गंज नायलॉनच्या घासणीने, पत्र्यांच्या रेषेच्या दिशेने, म्हणजे घेराभोवती घासून काढा. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ओढू नका. बाकी तपकिरी रंग राहिला तर राहू द्या, वर वार्निशचा पातळ हात. स्टील वूल मोटरीच्या जवळपासही नको. त्याचे तंतू तुटून वाइंडिंगमध्ये शिरतात आणि तिथेच बसतात.

आता औषधं. बहुतेक रोटरमध्ये ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे बार असतात. अ‍ॅल्युमिनियमला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड खातं, कॉस्टिक सोडाही खातो, आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडायची पद्धत वापरली तर तेही विरघळतं. शिवाय पत्र्यांच्या मधे शिरलेलं अ‍ॅसिड धुऊन निघत नाही, आठवड्याने तिथून गंज पाझरतो. म्हणून रोटर कशातच बुडवायचा नाही. स्टेटर तर नाहीच. हायड्रोक्लोरिक मी कामाच्या जागेतच ठेवत नाही, त्याच्या वाफेने शेजारची हत्यारं गंजतात. विजेची पद्धत सुट्या बिडाच्या कव्हरसाठी छान आहे: कव्हर निगेटिव्हला, पॉझिटिव्हला साधं लोखंड. स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा हवेशीर हवी आणि ठिणगी नको. स्प्रिंग आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) अ‍ॅसिडमध्ये किंवा या टबात टाकू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं आणि सेंट्रिफ्युगल स्विचची (वेग आला की सुरुवातीचं वाइंडिंग तोडणाऱ्या स्विचची) स्प्रिंग ऐन वेगात तुटू शकते.

पाण्याचं काहीही वापरलं की धुतल्याबरोबर गरम हवेने सुकवा आणि तेलाचा हात द्या. पाच मिनिटं फोनवर बोललात तर मशीन केलेल्या भागावर नारिंगी झाक चढलेली असते. ती पुसून निघते, मन खट्टू करू नका.

जोडताना बेअरिंग ८० ते ११० अंशांपर्यंत गरम करा, १२० च्या वर नाही, आणि दाब फक्त आतल्या रिंगवर. वीज देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) वाइंडिंग ते बॉडी एक मिनिट मोजा. एक केव्हीखालच्या साध्या वाइंडिंगसाठी आयईईई ४३ या मानकात ४० अंशांना किमान ५ मेगाओहम धरले आहेत. कमी आलं तर बहुधा ओल आहे, सुकवा आणि पुन्हा मोजा. मग शाफ्ट हाताने फिरवा, विनालोड करंट बघा, अर्ध्या तासाने दोन्ही बेअरिंगच्या जागी तापमान बघा.

मोटर लगेच बसवायची नसेल तर शाफ्टच्या उघड्या टोकाला ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळा, आणि अधूनमधून शाफ्ट थोडा फिरवून वेगळ्या जागी थांबवा, विशेषतः शेजारी थरथरणारं यंत्र असेल तर. एकाच जागी उभ्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या खाली रिंगला खळगे पडतात.