परगावी डर्बी पाहायला जाताना

माझ्या भाच्यानं कोलकात्याच्या डर्बीचं तिकीट काढलं. डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या दोन हाडवैरी फुटबॉल संघांची मॅच, इथं ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. गीतांजली एक्सप्रेसचं आरक्षण झालं, तीन मित्र तयार झाले आणि मग साहेब मला विचारतात, "मामा, सोबत काय घेऊ?" त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. नागपूर-कामठीच्या आणखी कुणा पोराला उपयोगी पडलं तर बरंच.

मी हे सगळं माझ्या मामांकडून शिकलो. ते रेल्वेत होते, मोतीबागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. पास मिळाला की हावडा मेल पकडून मॅचला जायचे. 16 ऑगस्ट 1980 ला ते ईडन गार्डनच्या गॅलरीत होते. त्या दिवशी दोन्ही संघांचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. मैदानात खेळाडू एकमेकांच्या अंगावर गेले, ते भांडण गॅलरीत पेटलं, पळापळ झाली आणि 16 जणांचा जीव गेला. मामा दोन दिवसांनी घरी आले तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात कुणाची तरी उचललेली. मी अकरा वर्षांचा होतो. स्कोअर विचारला. ते काहीच बोलले नाहीत, मोरीत जाऊन कितीतरी वेळ पाय धूत राहिले.

म्हणून पहिली गोष्ट पायांची. चप्पल, सँडल घालून जायचं नाही. मागून बंद, पायात घट्ट बसणारे बूट हवेत. लेसला दुहेरी गाठ मारायची आणि उरलेली टोकं बुटाच्या आत खोचायची. मामा गेटबाहेर गुडघ्यावर बसून माझ्या गाठी स्वतः ओढून बघायचे. मी कॉलेजात गेलो तरी बघायचे. एकदा गेटपाशी माझा बूट निघाला आणि मी उचलायला वाकलो. मामांनी कॉलर धरून मला असं वर ओढलं की वरची दोन बटणं तुटली. "गर्दीत जे पडलं ते गेलं. वाकायचं नाही. मोबदला मी देतो," म्हणाले. आज मोबाइल पडला तरी नियम तोच.

तिकिटावरचा गेट नंबर आधीच पाठ करा. डर्बीला दोन्ही बाजूंचे गेट वेगळे असतात. आपलं तिकीट कोणत्या बाजूचं आहे ते नागपुरातच बघून घ्या, कारण चुकीच्या गेटवरून परत फिरताना अख्ख्या गर्दीच्या उलट चालावं लागतं. मॅच सुरू व्हायच्या दीड तास आधी आत बसा. गेटवरची रेटारेटी शेवटच्या वीस मिनिटांत होते. आत बसल्यावर पहिलं काम म्हणजे बाहेर पडायचे दोन रस्ते शोधायचे. आलो तो एक आणि दुसरा कुठलाही. चौघांनी भेटायची जागाही तेव्हाच ठरवा. गर्दीत नेटवर्क जातं, तेव्हा फोनच्या भरवशावर राहू नका.

जर्सी बॅगेत ठेवा, जागेवर बसल्यावर घाला. बाहेर पडताना पुन्हा काढा. ईस्ट बंगालचा लाल-पिवळा असो की बागानचा हिरवा-मरून, रस्त्यावर चाळीस जणांचा घोळका समोरून आला तर तुमचं नाव-गाव कोणी विचारत नाही, रंग बघतो. यात भित्रेपणा काही नाही. मामा कट्टर लाल-पिवळे होते, पण त्यांचा रुमाल नेहमी बनियनच्या आत असायचा.

आता गर्दीचं. हे मन लावून वाचा बावा. मारामारीत जितके मरतात त्याहून जास्त दाबून मरतात. 29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाचे लोक इटलीच्या युव्हेंटसच्या लोकांवर धावून गेले. पळणारे भिंतीपाशी कोंडले गेले, भिंत पडली, 39 जण मेले. आणि 15 एप्रिल 1989 ला इंग्लंडात शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये तर दंगा नव्हताच. गॅलरीच्या आधीच भरलेल्या बंदिस्त कप्प्यांत आणखी लोक सोडले, पुढे जाळी होती, 97 जीव गेले. त्यातले कित्येक उभ्या-उभ्याच गुदमरले. हेझेलची बातमी मामांनी पेपरात वाचली तेव्हा मला बोलावून दारामागच्या कोपऱ्यात उभं केलं आणि दाखवलं: भिंत, जाळी, कठडा यांच्याजवळ थांबायचं नाही. दोन्ही हात मुठी करून छातीसमोर आणायचे, म्हणजे बरगड्यांना श्वासापुरती जागा राहते. लाट आली की तिच्याशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर जायचं. लाट थांबली की तिरकं सरकत कडेला यायचं. ओरडण्यात दम घालवायचा नाही. पडलोच तर कुशीवर, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. तुम्हीही घरी एकदा करून बघा. चौघांनी मिळून करा.

मॅच संपली की उठू नका. त्या काळात इंग्लंडमध्ये पाहुण्या संघाच्या लोकांना पोलीस बऱ्याचदा आतच थांबवून ठेवायचे, बाहेरचा रस्ता मोकळा झाल्यावर घोळक्यानं स्टेशनापर्यंत न्यायचे. आपल्याला कोणी थांबवणार नाही, म्हणून आपणच अर्धा तास थांबायचं. जिंकलात तर जास्तच थांबा.

बाकीचं थोडक्यात. नागपूर ते हावडा साधारण 1130 किलोमीटर आहे, सतरा-अठरा तास धरा. मॅचच्या आदल्या दिवशीच पोचा, गाडी उशिरा आली की माणूस गेटकडे धावत सुटतो. दशम्या आणि ठेचा घ्या, बाटली गेटवर काढून घेतात. पैसे दोन खिशांत ठेवा. मॅच सॉल्ट लेक स्टेडियमला असेल तर तिथं मेट्रोचं स्टेशन आहे. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर हावड्याहून बाबूघाटला फेरीनं जा. तिथून ईडन जवळच आहे. तिथं मिनिटभर उभे राहा. ईस्ट बंगाल जिंकलं असेल तर इलिश म्हणजे हिलसा मासा खा, बागान जिंकलं असेल तर चिंगडी म्हणजे कोळंबी, तिथली रीतच आहे.

आणि स्टेडियमबाहेर पडलात की लगेच घरी फोन करा, हॉटेलात पोचल्यावर नाही. 1980 नंतर मामा कोलकात्याला गेले की ते परत येईपर्यंत माझी आई रात्री दाराला नुसती कडी लावायची, कुलूप घालत नसे.