कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर

आधी रॅपर उचला आणि किती ग्रॅम गेलं ते पाहा. घातक असतं थिओब्रोमिन, म्हणजे कोकोमधलं एक उत्तेजक द्रव्य. ते मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे सुमारे 2 मिलिग्रॅम, डार्कमध्ये 5च्या आसपास आणि कोको पावडरमध्ये 20च्याही वर असतं. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅमला उलट्या-जुलाब, अस्वस्थपणा, 40-50ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60ला झटके. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 50 ग्रॅम डार्कही जास्तच.

लक्षणांची वाट पाहू नका, ती कधीकधी 6-12 तासांनी दिसतात. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांकडे नेलं तर इंजेक्शनने उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी अजिबात पाजू नका, त्यातूनच मिठाची विषबाधा होते. बारमध्ये मनुका किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर ते आवर्जून सांगा. ही दोन्ही स्वतंत्र विषंच.