पगाराआधी उस्ताद विचारा

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा एमआयडीसी आजूबाजूला असल्यावर कोल्हापुरात ट्रकला कामाची कमी नाही. फौंड्र्यांचं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) पुण्याकडं जातं, मार्केट यार्डातला गूळ गुजरातला, इचलकरंजीचं कापड आणि कारखान्यांची साखर तर सगळीकडं. अडतंय ते ड्रायव्हरवर. म्हणून काही ट्रान्सपोर्ट कंपन्या पोरं घेऊन स्वतःच तयार करतात. मीही तसाच कंपनीच्या ट्रेनिंगमधून हेवी गाडीवर आलो. आता गावातली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "पगार किती देत्यात?" तो विचाराच. पण त्याच्या आधी हे विचारा: मैदानावरचं शिकणं संपल्यावर मला कुठल्या उस्तादाच्या, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरच्या, शेजारी बसवणार, आणि किती महिने?

लायसनचं थोडक्यात सांगतो. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि हेवीसाठी हलक्या गाडीचं लायसन काढून एक वर्ष झालेलं पाहिजे. मग हेवीचं शिकाऊ लायसन, डॉक्टरचा फॉर्म १-अ, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ आणि आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. तरी लिहिता-वाचता आलंच पाहिजे, नाहीतर बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) काय लिहिलंय हे दुसऱ्याला विचारत बसावं लागतं. ज्यांचं वर्ष अजून भरायचंय त्यांनी घरी बसू नये. एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालगाडी हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. छोटा हत्ती, पिकअप यांवर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या गल्ल्यांत माल पोचवून आलेलं पोरगं हेवीवर लवकर बसतं. आरसे बघायची सवय तिथंच लागते.

कंपनीचं मैदानावरचं ट्रेनिंग काही आठवड्यांचं असतं. आठचा आकडा, ड्रममधून रिव्हर्स, चढावर गाडी मागं न येता उचलणं. वर्गात रस्त्याच्या खुणा, कागदपत्रं, फास्टॅग, ई-वे बिल. ह्यात बहुतेक सगळे पास होतात. मला तिथली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटली ती सकाळची तपासणी. स्टार्टर मारायच्या आधी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर, प्रत्येक टायरवर पान्याचा ठोका, कारण जोडचाकातलं आतलं टायर बसलेलं असेल तर डोळ्याला दिसत नाही, आवाजाला कळतं. ऑइल, पाणी, आणि बीएस-६ गाडी असेल तर धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी. युरिया संपला की इंजिन ओढ सोडतं, आणि ते नेमकं चढावरच सोडतं. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं. इंजिन चालू केल्यावर हवेचा काटा वर येऊन बझर थांबेपर्यंत हँडब्रेक सोडायचा नाही. घाईतला ड्रायव्हर ओळखायचा तो इथंच.

पण रिकाम्या गाडीचं शिक्षण वेगळं आणि भरल्या गाडीचं वेगळं. ते देतो उस्ताद.

माझ्या वाट्याला आलेले मामा कमी बोलायचे. पुण्याकडं जाताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. बरेच जण तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद आणि स्टिअरिंग जड. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, ब्रेकचे लायनर तापतात आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ह्याच उतारावर एका ट्रकने कित्येक गाड्या ठोकल्या, त्यानंतर तिथली वेगमर्यादा खाली आणली गेली. मामा बोगद्याच्या तोंडाशीच म्हणायचे, "गिअर पाड." उतार दिसायच्या आधी. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) लावायचा, आणि पायाचा ब्रेक दाबला तर थोडा वेळ घट्ट दाबून पूर्ण सोडायचा, पाय नुसता ठेवून घासत राहायचं नाही. मागून हॉर्नचा कालवा व्हायचा. मामांचं उत्तर एकच, "जाऊ दे त्यास्नी. पुलाखाली गाठ पडतीयाच." आणि खरंच, सिग्नलला तीच गाडी शेजारी उभी असायची.

तवंदी घाट असो, आंबा असो की गगनबावड्याकडचा करूळ, नियम तोच: ज्या गिअरात चढशील त्या गिअरात उतर. वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण कास्टिंग भरलेली गाडी मागून ढकलत असताना ते पाळायला शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

मालाचंही तसंच. कास्टिंग दिसायला हौद्यात गुडघाभर, पण वजन पुरतं. ते सगळं मागच्या बाजूला टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात. लोड कुठं ठेवायचा हे हमालावर सोडू नका, खाली उभं राहून बघा. गूळ असेल तर ताडपत्री हेच खरं काम. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी टाकायची, पुढची तिच्यावर चढवायची, म्हणजे वारा सांध्यात शिरत नाही. उलट टाकलीत तर किणी टोलनाक्याच्या आधीच ती फडफडायला लागते, आणि भिजलेल्या गुळाचे पैसे कुणाच्या भत्त्यातून जातात हे सांगायला नको. गाडी वजनकाट्यावर घेतल्याशिवाय हायवेला लागू नका. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा.

पैशाचं बोलणं रुजू व्हायच्या आधी, आणि कागदावर. ट्रेनिंगच्या काळात स्टायपेंड मिळतो का? बाँड किती वर्षांचा? पगार महिन्याचा की ट्रिपचा? भत्त्यात जेवण, पार्किंग, पंक्चर काय काय धरलंय? अ‍ॅव्हरेज कमी पडलं तर कापणार का? पीएफ आहे का? वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोण देणार हेही विचारा. "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणून लॉरीवाल्यांनी एवढा आवाज उठवला, तरी काही गोदामांत अजून ड्रायव्हरपुढंच हात पसरतात. आणि मूळ लायसन किंवा दहावीचं सर्टिफिकेट कंपनीकडं ठेवायला मागितलं तर झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका. माझ्या ओळखीच्या एकाचं लायसन असंच अडकलं होतं, नोकरी सोडली तरी कागद परत मिळेना.

कामाचे तास हा दुखरा भाग आहे. दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं सांगणारा मोटार कामगारांचा कायदा १९६१ सालीच झाला होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. रस्त्यावर कामाचे तास किती पाळले जातात ते चहाच्या टपरीवर बसून बघा. चाकणला कंपनीच्या गेटवर गाडी रिकामी व्हायची वाट बघण्यात अख्खा दिवस जातो, ती झोप नव्हे, आणि रात्री "लगेच निघ" म्हणून फोन येतो. चांगला उस्ताद तिथं फोन स्वतः घेतो आणि सांगतो, गाडी पहाटे निघंल. नव्या पोराला हे बोलता येत नाही, म्हणूनही तो शेजारी हवा.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबतोय. समोरून येणाऱ्याचा लाइट डोळ्यावर असताना पुढं अंधार दिसला, तर तो रिकामा रस्ता आहे असं धरू नका. आणि पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला, ट्रकच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. जुलै-ऑगस्टात गाडीत स्टोव्ह, तांदूळ, डाळ आणि पाण्याचे कॅन ठेवूनच निघायचं.

काही ठिकाणी टेस्ट पास झाली की दुसऱ्या आठवड्यात किल्ली हातात देतात आणि मुंबईचा लोड दाखवतात. पोरं खूश होतात, स्टेटस ठेवतात. तुम्ही नाही म्हणा. लोकल मागा: शिरोली ते गोकुळ शिरगाव, कागल, फार तर इचलकरंजी. ते जमलं की उस्तादाबरोबर घाट, मग रात्र, मग एकटं. साहेब कुरकुर करेल, पण तेवढ्यावरून कुणी घरी पाठवत नाही. पाठवलंच, तर परत येताना हायवेच्या कडेचे "ड्रायव्हर पाहिजे"चे बोर्ड वाचत या.