मानसिक आरोग्याच्या संशोधनात यायचंय? आधी निर्णय कोण घेणार ते शोधा

‘मला नैराश्यावर काम करायचंय’ असं सांगत जे तरुण माझ्याकडे येतात, त्यांना मी एकच गोष्ट विचारते: तुमचं उत्तर हाती आलं, की कोणता अधिकारी काय वेगळं करणार? याचं उत्तर एका वाक्यात देता येईपर्यंत अनुदानाचा अर्ज लिहायला बसू नका. धोरण बदलणाऱ्या संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.

श्रीलंकेचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे 1995 आणि 1998 मध्ये अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली. त्यानंतरच्या दहा वर्षांत आधीच्या दहा वर्षांपेक्षा सुमारे 20 हजार आत्महत्या कमी झाल्या, असं पुढे सरकारी नोंदींच्या अभ्यासातून दिसलं. हा निर्णय मनोरुग्णालयातला नव्हता, कीटकनाशकांच्या नोंदणीचा होता. म्हणून आपल्या विषयाची किल्ली कोणत्या खात्याकडे आहे हे शोधा. ती शेती, शिक्षण किंवा अर्थ खात्याकडेही असू शकते.

या क्षेत्रात यायला मनोविकारतज्ज्ञच असावं लागतं, हा गैरसमज आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, सगळ्यांना इथे जागा आहे. लंडनमधलं किंग्ज कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन मिळून या विषयाची पदव्युत्तर पदवी देतात. पण पदवीच्या आधी एखाद्या चालू प्रकल्पात क्षेत्र पर्यवेक्षक किंवा डेटा व्यवस्थापक म्हणून काम मिळालं तर जरूर घ्या. प्रश्नावली घराघरांत कशी विचारली जाते, कुठला प्रश्न ऐकून माणसं गप्प होतात, हे तिथेच कळतं.

यातलं एक कौशल्य मी सगळ्यात वर ठेवते. पीएचक्यू-9 ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. समोरची व्यक्ती ‘हो, जवळजवळ रोज’ म्हणाली, तर मुलाखत घेणाऱ्याने त्या क्षणी काय करायचं? कोणाला फोन करायचा? तो उचलला गेला नाही तर दुसरा कोण? त्या व्यक्तीला एकटं सोडून निघायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलंय का? ही कार्यपद्धती पहिली मुलाखत होण्याआधी लेखी तयार हवी आणि सगळ्यांकडून तिची तालीम करून घेतलेली हवी. ज्या प्रकल्पात ती नाही, तिथे नोकरी स्वीकारू नका. मी हे पूर्ण गांभीर्याने सांगते आहे.

पद्धतींमध्ये यादृच्छिक चाचणी (कोणाला उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून दोन गटांची तुलना करणं) नीट शिका, पण तेवढ्यावर थांबू नका. झिंबाब्वेतल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ची चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य आरोग्य कार्यकर्त्या, बहुतेक आजीच्या वयाच्या, दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून समस्या सोडवण्याचं समुपदेशन करत होत्या. गोव्यात ‘संगत’ संस्थेनेही प्राथमिक आरोग्य केंद्रांत व्यावसायिक पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावरचे उपचार तपासले. उपचार लागू पडतो, हे अशा चाचण्यांनी दाखवलं. अधिकाऱ्याचा पुढचा प्रश्न असतो: एका रुग्णामागे खर्च किती, हे काम कोण करणार आणि त्याचं आत्ताचं काम कोणाकडे जाणार? म्हणून खर्चाचं विश्लेषण शिका आणि एखाद्या परिचारिकेच्या शेजारी बसून तिचा पूर्ण दिवस लिहून काढा. तिच्या दिवसात मोकळी वीस मिनिटं नसतील, तर तुमची योजना कागदावरच राहील.

आकडा कसा मोजला जातो, यानेही धोरण हलतं. फक्त मृत्यू मोजले जात तोवर नैराश्य कुणाला दिसतच नव्हतं. आजारपणात गेलेली वर्षंही धरली, तेव्हा 1990 सालच्या जागतिक रोगभारात ते चौथ्या क्रमांकावर आलं. तरीही देशांच्या आरोग्य खर्चातला मानसिक आरोग्याचा वाटा आजही साधारण 2 टक्क्यांवर अडकलाय, ही मला या क्षेत्रातली सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते.

निष्कर्ष हाती आले की शोधनिबंधाबरोबर दोन पानांचं टिपण लिहा. पहिल्या परिच्छेदात शिफारस, दुसऱ्यात खर्च आणि मनुष्यबळ, पद्धती शेवटी. सरकारने आधीच मान्य केलेल्या गोष्टीशी ते जोडा. जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक आरोग्य कृती आराखडा 2013 मध्ये संमत झाला आणि पुढे 2030 पर्यंत वाढवला गेला. शाश्वत विकास उद्दिष्टांत आत्महत्येचा दर हा निर्देशांक आहे. टिपण अर्थसंकल्पाच्या मागण्या ठरण्यापूर्वी पोचायला हवं, नंतर पोचलं तर वर्ष गेलंच.

आणि अनुदान संपल्यावर समुपदेशकांचं मानधन कोण देणार, त्यांच्यावर देखरेख कोण ठेवणार, हे पहिल्याच अर्जात लिहा. संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला सल्लागार समितीत सुरुवातीपासून घ्या आणि ही जबाबदारी त्यांच्याकडून लेखी मान्य करून घ्या.