लिनक्सवर प्रोग्रॅम उघडंना? मग या चुका तरी टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडं पीकविम्याची घाई. अशाच एका सकाळी औसा तालुक्यातल्या एका सेवा केंद्रातून फोन आला. "भैय्या, फायरफॉक्स उघडंना गेलंय. नुसतं गोल फिरायलंय." मागं सातबारा घेऊन थांबलेल्यांचा कालवा चाललेला. मी विचारलं, "किती डाव दाबलं?" म्हणाला, "असंल की पंधरा-वीस डाव." तेवढ्यात शेजारून कुणीतरी सल्ला दिला, "फॉरमॅट मार, फॉरमॅट."

फॉरमॅट हा आमच्या भागातला रामबाण. विंडोजच्या काळात लागलेली सवय आहे ती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि माझ्याकडं जुनी मशीन घेऊन 'उबुंटू टाका, मिंट टाका' म्हणणारे वाढले. उबुंटू आणि मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स सिस्टिम. मशीनमधली सिस्टिम बदलली, हाताची सवय तीच राहिली. लिनक्सवर प्रोग्रॅम उघडत नाही तेव्हा खोट बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये नसतेच. ती असते तुमच्या होम फोल्डरात (तुमच्या फाइली आणि सेटिंग राहतात तो), भरलेल्या डिस्कवर, नाहीतर आदल्या दिवशी कुणीतरी 'दुरुस्त' करून ठेवलेल्या एखाद्या गोष्टीत. त्यामुळं प्रोग्रॅम काढून परत टाकला तरी फरक पडत नाही. त्याच्या सेटिंग होममध्ये जशाच्या तशा राहतात आणि नवा प्रोग्रॅम येऊन त्याच खड्ड्यात पडतो.

(कमांड इथं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, आणि मी 'डॅश' म्हणेन तिथं आडवी रेघ.)

क्लिकवर क्लिक

चिन्ह दाबलं, खिडकी आली नाही, परत दाबलं. इथंच अर्धा घोटाळा होतो. दोन-चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर पहिल्यांदा सुरू होताना ब्राउझर आरामात मिनिटभर घेतो. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप पद्धतीनं (सगळं सामान एकाच बंद डब्यात) येतो, त्याचं पहिलं उघडणं तर आणखी सावकाश असतं. पहिली प्रक्रिया (म्हणजे चालू झालेला प्रोग्रॅम) मागं चालूच असते, आणि तिच्या डोक्यावर तुम्ही आणखी वीस चढवता. मग 'फायरफॉक्स आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते. रॅम पार संपली, तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतःच एखादी प्रक्रिया मारून टाकतो आणि ब्राउझर न बोलता गायब होतो.

सिस्टिम मॉनिटर उघडा, त्या नावाच्या अडकलेल्या प्रक्रिया संपवा, आणि मग एकदाच दाबा. एकदाच.

प्रोग्रॅम काय म्हणतोय ते न ऐकणं

मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक ही. चिन्हावर दाबल्यावर प्रोग्रॅमनं काही तक्रार केली, तरी ती तुम्हाला बहुतेक वेळा दिसतच नाही. तोच प्रोग्रॅम टर्मिनलमधून (कमांड लिहायच्या काळ्या खिडकीतून) सुरू केला की तक्रार समोर छापून येते. कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबा, प्रोग्रॅमचं नाव लिहा (फायरफॉक्स, लिबरऑफिस, गिंप, जे असेल ते) आणि एंटर. लोक काळ्या खिडकीला भितात, पण नुसतं नाव लिहिल्यानं काही बिघडत नाही.

ओळी पन्नास येतील. त्यातल्या 'वॉर्निंग' म्हणणाऱ्या सोडून द्या, त्या चांगल्या चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येही येतात. शेवटच्या चार-पाच ओळी वाचा. 'परमिशन डिनाइड' दिसलं तर भानगड परवानगीची किंवा मालकीची. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणजे डिस्क भरली. 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आलं तर पुढं ज्या फाइलचं नाव आहे ती लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारी सामायिक फाइल) मशीनवर नाही, किंवा तिची आवृत्ती जुळत नाही. बाहेरच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या डेब फाइलींमध्ये (उबुंटू-मिंटवर प्रोग्रॅम बसवायच्या फाइली) हे नेहमीचं. 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसला की समजा, ६४ बिटचा प्रोग्रॅम तुम्ही ३२ बिटच्या सिस्टिमवर चालवताय. तिथं डोकं आपटून उपयोग नाही. गूगल क्रोमनं ३२ बिट लिनक्सचा आधार २०१६ मध्येच सोडला. मशीनचा प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटची सिस्टिम टाका, नसेल तर ३२ बिटसाठी अजून मिळणारा हलका ब्राउझर शोधा.

भरलेली डिस्क आणि गेलेली लाईट

औशाच्या त्या पोराला टर्मिनल उघडायला लावलं. नाव लिहिलं, एंटर मारला, आणि म्हणाला, "नो स्पेस का काय म्हणायलंय." मग 'डीएफ', जागा सोडून 'डॅश एच' लिहायला लावलं. मुख्य विभाग १०० टक्के. ब्राउझरला सुरू होताना स्वतःच्या बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात, त्यालाच जागा नव्हती. डाउनलोड्स फोल्डरात वर्षभराचे आधारचे स्कॅन, सातबारे, पासबुकांचे फोटो. त्यानं आदल्या दिवशी बरेच डिलीटही केले होते, पण ते सगळे कचरापेटीत. कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, हे कुणी सांगितलेलंच नसतं. (लोकांची आधार कार्डं अशी उघड्यावर वर्षभर पडू देणं हा वेगळाच विषय आहे, त्यावर त्याला फोनवरच सुनावलं.)

कचरापेटी झाली की 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' चालवा. ('सुडो' म्हणजे मुख्य खात्याच्या अधिकारानं, 'एपीटी' म्हणजे प्रोग्रॅम बसवायचं-काढायचं साधन.) जुने कर्नल आणि बिनकामाची पॅकेजं त्यानं निघतात. जागा दिसतेय तरी 'नो स्पेस' येत असेल, तर 'डीएफ डॅश आय' करून बघा. लाखो चिमुकल्या फाइलींनी डिस्कच्या नोंदवहीतले रकाने संपलेले असू शकतात.

आता लाईटीचं. उन्हाळ्यात आमच्याकडं ती कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि यूपीएसची बॅटरी बऱ्याच दुकानांत नावालाच असते. धाडकन मशीन बंद पडलं की फाइल सिस्टिममध्ये गडबड राहू शकते. तशी चूक सापडली की उबुंटू आणि मिंट मुख्य विभाग फक्त वाचण्यापुरता जोडतात, म्हणजे पुढचं नुकसान टळावं. डेस्कटॉप दिसतो, फाइली दिसतात, पण प्रोग्रॅम एकही धड उघडत नाही. टर्मिनलवर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असं लिहून येतं. इथं घाईनं चालू विभागावरच तपासणीची कमांड सोडू नका, त्यानं आहे तो डेटाही जाऊ शकतो. मशीन परत सुरू करा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोडमध्ये जा आणि तिथला 'एफएससीके' (फाइल सिस्टिमची तपासणी) पर्याय घ्या. किंवा लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) सुरू करून तपासा. आणि असं वारंवार होत असेल तर डिस्कच मरणाला टेकलेली असू शकते, आधी डेटा बाहेर काढा.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर आणखी एक प्रकार होतो. पॅकेज अर्धंमुर्धं बसतं आणि तो प्रोग्रॅम उघडत नाही. 'सुडो डीपीकेजी', मग दोन डॅश लावून 'कॉन्फिगर', मग 'डॅश ए'. उरलेलं काम ती पूर्ण करते. 'लॉक फाइल डिलीट करा' हा सल्ला मात्र ऐकू नका. लॉक आहे याचा अर्थ बहुधा मागं अपडेट अजून चालू आहे. चहा पिऊन या.

सगळ्याला सुडो

प्रोग्रॅम उघडत नाही, मग 'सुडो' लावून उघडला. उघडला की! लोकांना वाटतं जिंकलो. उबुंटूत १९.१० च्या आधी सुडो लावल्यावर होम फोल्डर तुमचाच राहायचा, आणि त्यात तयार होणाऱ्या सेटिंगच्या फाइली रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, मालकीच्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी साध्या पद्धतीनं उघडायला गेलं की प्रोग्रॅमला स्वतःच्याच फाइलीला हात लावता येत नाही. नव्या आवृत्त्यांत हे कमी झालंय, पण सुडोनं फाइली होममध्ये कॉपी केल्या किंवा झिप उलगडली की तोच गोंधळ परत.

ओळखायचं कसं? फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेले फोल्डर दिसतील. ज्यावर कुलपाचं चिन्ह आहे तो तुमच्या हातचा गेलेला. मालकी परत घ्यायला 'सुडो', पुढं 'सी-एच-ओ-डब्ल्यू-एन' ही अक्षरं जोडून, मग 'डॅश' आणि मोठा 'आर', मग तुमचं युजरनेम आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता. फक्त त्याच फोल्डरचा.

'फक्त' यासाठी म्हणतोय की मी स्वतः याच्या उलटं केलंय. नवीन असताना परवानगीच्या कटकटीला वैतागून मुळापासून सगळ्या सिस्टिमला ७७७ परवानगी (कुणीही काहीही करू दे) देऊन टाकली. म्हटलं, आता कुणी अडवणार नाही. सुडोच बंद पडलं. सुडोच्या फाइलवर एक खास परवानगी असते, ती त्या ७७७ मध्ये पुसली गेली होती. आता दुरुस्त करायला सुडो पाहिजे आणि सुडो दुरुस्त झाल्याशिवाय चालत नाही. शेवटी मीच फॉरमॅट मारला, कुणाला न सांगता.

सेटिंग उडवण्याची घाई

बिघाड सेटिंगमध्ये आहे असं वाटलं तर तो फोल्डर डिलीट करू नका, नाव बदला. लिबरऑफिसचा असेल तर होममधल्या 'डॉट कॉन्फिग'च्या आत 'लिबरऑफिस' नावाचा फोल्डर असतो, त्याच्या पुढं 'जुना' जोडा आणि प्रोग्रॅम उघडा. उघडला तर कारण सापडलं, नाही उघडला तर नाव परत पहिलं करा. लिबरऑफिसमध्ये ५.३ पासून सेफ मोडही आहे. ब्राउझरच्या बाबतीत हे जास्त जपा, कारण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्याच फोल्डरात असतात.

अंबाजोगाईच्या एका क्लासमध्ये मी एक मशीन तयार केलं, त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल बाकीच्या मशीनवर उतरवली आणि प्रत्येकाला वेगळं नाव दिलं. क्रोमियम एकाही मशीनवर उघडेना. पहिल्या मशीनवर तो बंद न करताच मी डिस्क उतरवली होती, चूक माझीच. त्याच्या प्रोफाइलमध्ये 'सिंगलटन लॉक' नावाचा दुवा असतो आणि त्यात मशीनचं नाव लिहिलेलं असतं. प्रत्येक मशीनला वाटायचं, आपलं प्रोफाइल दुसऱ्याच कुठल्या मशीननं उघडून ठेवलंय. प्रोफाइलमधून तो दुवा काढला आणि गाडी रुळावर आली.

पायथॉन बदलणारे

हे खास इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी. नांदेडच्या एका होस्टेलवरून फोन आला की उबुंटूवर सगळं उघडतंय, टर्मिनलच उघडत नाही. त्यानं प्रोजेक्टसाठी नवा पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) टाकून सिस्टिमचा मूळ पायथॉन तिकडं वळवला होता. उबुंटूचं २५.०४ पर्यंतचं नेहमीचं टर्मिनल सुरू करणारी फाइल पायथॉनमध्ये लिहिलेली असते, तिला लागणारे भाग नव्या आवृत्तीत मिळाले नाहीत. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करा आणि पायथॉन परत मूळ आवृत्तीकडं वळवा. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथॉन) असते, ती वापरा. चिडून मूळ पायथॉनच काढून टाकलात तर त्याच्यासोबत डेस्कटॉपही जाईल.

सिस्टिमची भाषा मराठी करताना लोकेल (त्या भाषेची सेटिंग) नीट तयार झालं नाही, तरी हेच टर्मिनल उघडत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी पूर्ण बसवून घ्या.

ॲपइमेज आणि ईएक्सई

ॲपइमेज फाइल (न बसवता चालणारा, एकाच फाइलीतला प्रोग्रॅम) उतरवली, दोनदा दाबली, काहीच नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रोग्रॅम म्हणून चालवू द्या' यावर खूण केली का? ती करूनही नाही उघडली तर ॲपइमेज उघडायला लागणारी फ्यूज २ ची लायब्ररी नसेल. उबुंटू २२.०४ पासून ती आधीपासून बसवलेली नसते. 'लिबफ्यूज२' बसवा, २४.०४ वर त्याच नावापुढं 'टी६४' असतं. नाव नीट वाचून बसवा. जुन्या सल्ल्यावरून नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज टाकायला गेलात तर ते फ्यूज ३ काढून टाकतं, आणि त्यावर उभे असलेले डेस्कटॉपचे भागही सोबत निघतात. एपीटी 'हे काढलं जाईल' म्हणून जी यादी दाखवतं, ती वाय दाबायच्या आधी वाचा.

ईएक्सई फाइल विंडोजची आहे. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून काही चालतात, काही नाही. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचंच मिळत असेल तर तेवढ्या कामापुरतं एक विंडोजचं मशीन ठेवा.

मदत मागताना 'उघडत नाही' एवढंच कळवू नका. कोणती सिस्टिम, कोणती आवृत्ती, काल काय बदललं, आणि टर्मिनलच्या ओळी. त्या ओळी कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबून कॉपी करता येतात. औशाच्या पोराला हे सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, ट्यूबलाइटचा उजेड बरोबर शेवटच्या ओळीवर, आणि खाली लिहिलं होतं, "भैय्या, हे बघा."